दोनशे तीस किलोंची नवरी

"सात," याग्लिका आत्या म्हणाली होती. "मोजलेस ना गं, स्टानो? नीट कानात साठवून ठेव. तू झालीस तेव्हा या दरीत नुसता वारा होता."

स्टाना तेव्हा सहा वर्षांची. आत्या दारातल्या बाकावर लोकर पिंजत बसलेली, मांडीवर पांढरा ढग घेतल्यासारखी. अंगणात बाबा पाठमोरे उभे. दरीपल्याडच्या घरातून धाकट्या काकांनी हाक घातली होती, "मुलगा झाला होऽऽ!" आणि पुतण्या झाला की थोरल्या भावानं बंदूक वाजवायची, ही तिथली रीत. बाबांनी आभाळाकडे नळी धरली आणि सात बार काढले. एकेका बारानिशी डोंगर दचकला, कडे बोलले, मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली शिरल्या.

आत्याच्या बोलण्यात विष नव्हतं. उन्हानं बर्फ वितळतं म्हणावं इतक्या साधेपणानं ती बोलली. घरात आधीच तीन मुली होत्या. चौथी झाली तेव्हा आत्यानंच तिचं नाव स्टाना ठेवलं. स्टाना म्हणजे 'थांब'. मुलींनो, आता थांबा गं बायांनो, अशी ती देवाला घातलेली विनवणी. मुली थांबल्या. मुलगा काही आला नाही.

पुढे आत्या गेली, आई गेली, तिघी बहिणी लग्न करून समुद्राकाठच्या गावांत गेल्या. स्टाना थांबली. नावाला जागली, असं लोक हसून म्हणत. साठ मेंढ्या, दोन कुत्री, चीज मुरवायची थंडगार खोली आणि म्हातारा बाप एवढं तिनं सांभाळलं. आता ती त्रेचाळीस वर्षांची होती, आणि तरीही कधी कधी मेंढ्या आत घेताना वारा सुटला की तिला वाटे, हाच तो. माझ्या वाट्याचा.

*

"बंदुकीची लांबी किती म्हणाले साहेब?" निक्शिच शहरातल्या तिजोऱ्यांच्या दुकानातल्या माणसानं विचारलं.

"कुठले साहेब?"

"म्हणजे... ज्यांची बंदूक आहे ते."

"लांबी एकशे बारा. आणि साहेब-बिहेब कुणी नाही, मीच आहे."

तो माणूस ओशाळला आणि एका करड्या तिजोरीकडे वळला. "ही बघा ताई. पंचाहत्तर किलो. दोन माणसं सहज उचलून आत ठेवतील."

"आणि दोन माणसं सहज उचलून बाहेरही नेतील."

स्टाना एकेका तिजोरीपाशी गेली आणि बोटाच्या पेरानं टकटक करत राहिली. चीजच्या चाकावर अशीच टकटक करून ते आतून मुरलंय की पोकळ राहिलंय हे ती ओळखायची. पहिली पोकळ बोलली. दुसरी डब्यासारखी. कोपऱ्यातली गर्द हिरवी मात्र काही बोललीच नाही. नुसतं 'हं' म्हणून गप्प बसली, बाबांसारखी.

"ही."

"ही दोनशे तीस किलो आहे, ताई. घर कुठं तुमचं?"

"स्मर्चेवो."

त्या माणसानं शीळ घातली. "रस्ता जातो तिथं?"

"अक्रोडाच्या झाडापर्यंत जातो."

"आणि झाडापासून पुढं?"

"पुढं आम्ही जातो," स्टाना म्हणाली आणि दोन उन्हाळ्यांच्या चीजचे पैसे तिनं पाकिटातून काढले.

कायदा नवा होता. भिंतीवरच्या बंदुका आता लोखंडी कुलपात ठेवायच्या. परवाना ज्याच्या नावावर, किल्ली त्याच्याच खिशात. बाबा एक्याऐंशीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांचा परवाना आता पुन्हा होणार नव्हता. मित्रोवदानच्या सणाआधी कागदावर नवं नाव घालायचं होतं, आणि सोमवारी निरीक्षक तिजोरी बघायला येणार होता. नाहीतर बंदूक चौकीत जमा. नाहीतर ती जाईल रादोशकडे. रादोश म्हणजे धाकट्या काकांचा तोच मुलगा, ज्याच्यासाठी सात बार झाले होते. तो शहरात राहायचा. त्याच्याकडे परवाना होता, गॅरेजात तिजोरी होती, आणि तो पुरुष होता.

कागद देवाच्या तसबिरीखाली पडून होता. नावाची जागा कोरी.

त्या दरीत बंदूक गेली म्हणजे फक्त एक हत्यार जात नाही. ज्या घरात बंदूक, त्या घराची चूल पेटलेली. मुलगा नसलेल्या घरातून बंदूक भाऊबंदांकडे गेली की लोक टोपी काढून म्हणतात, चूल विझली. मग त्या घरात कुणी बाई वर्षानुवर्षं रोज पहाटे उठून तीच चूल पेटवत असली तरी.

वसंतात स्टानानं शिकारीची परीक्षा दिली. दहापैकी नऊ गोळ्या वर्तुळात. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "हं." तिजोरीचं सांगितलं तेव्हा मात्र जरा जास्त बोलले.

"बंदूक भिंतीवर असते. पेटीत मढं असतं."

"कायदा आहे, बाबा."

"मग कायद्यालाच घाल पेटीत."

"आणि कागदावर नाव कुणाचं घालायचं?"

बाबांनी तंबाखूची पिशवी उघडली, पुन्हा बंद केली, आणि अंगणात निघून गेले.

*

ट्रकवाल्यानं तिजोरी अक्रोडाखाली उतरवली आणि मागे न बघता निघून गेला. वर घरापर्यंत दोनशे पावलांची दगडी चढण. त्यावरून कोकरू न्यायचं तरी दोनदा दम घ्यावा लागे. हे काम ईर्जिकीचं होतं. सगळ्यांनी यायचं, काम उरकायचं, मजुरी नाही, पोटभर जेवण. पण ईर्जिकीचं बोलावणं घरचा कर्ता करतो. लाकडी सुरईत राकिया, म्हणजे घरची फळांची दारू, भरतो आणि दारोदार जातो. बाईनं सुरई हातात घेतल्याचं दरीत कुणी पाहिलं नव्हतं.

स्टानानं सुरई भरली.

पहिलं घर गावरोचं. गावरो बाबांच्याच वयाचा, जीभ मात्र विशीतली. त्यानं सुरईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बापानं पाठवलं?"

"नाही, गावरोकाका. मी आले."

"म्हणजे बोलावणं तुझं?"

"माझं."

"आणि काचामाक कोण घोटणार? बोलवायलाही तू, घोटायलाही तू?"

"घोटायलाही मीच. मक्याचं पीठ, बटाटे, वर सायीचं लोणी. तुमचा चमचा उभा राहील त्यात."

घरातून त्याची बायको विदोसावा ओरडली, "पी की मेल्या तो घोट! पोर उंबऱ्याबाहेर किती वेळ उभी राहणार?"

गावरोनं घोट घेतला. सुरई परत दिली. पण येतो असं काही म्हणाला नाही. दुसऱ्या घरानं म्हटलं, बघू. तिसऱ्यानं म्हटलं, पाठ दुखते. चौथ्या घरातल्या बाप्यानं सुरई घेतलीच नाही. म्हणाला, "मिलोन्या आजारी आहे का?" स्टाना म्हणाली, "नाही. बाबा बरे आहेत." आणि पुढच्या दाराकडे चालू लागली. मान ताठ.

*

शनिवारी सकाळी उन्हानं दरीत पाय ठेवला तेव्हा चुलीवर मोठा हंडा चढलेला होता. बाबा अक्रोडाखालच्या बाकावर तिजोरीकडे पाठ करून बसले होते. वाट रिकामी. आठ वाजले. साडेआठ. कुत्र्यांनी एकदा कान टवकारले आणि पाडले.

स्टाना हंडा ढवळत राहिली. कुणीच आलं नाही तर एवढं कोण खाणार, हा विचार तिनं ढवळता ढवळता तळाशी दाबून टाकला.

मग घंटा वाजली. गावरोचा घोडा, घोड्यामागे गवत ओढायची लाकडी घसरगाडी, गाडीवर पाय पसरून विदोसावा, आणि लगाम धरून गावरो.

"कुठंय ती नवरी?" तो लांबूनच ओरडला. "अगं स्टानो, तू नवरी होऊन गेली नाहीस, पण घरात नवरी आणलीस! आणि केवढी! दोनशे तीस किलो! हुंडा काय दिलाय हिच्या बापानं?"

"दोन किल्ल्या!"

त्याच्या हसण्यामागून माणसं दिसायला लागली, जणू ती आडोशाला उभीच होती आणि पहिल्यानं पाऊल टाकायची वाट बघत होती. पाठ दुखणारा आला. 'बघू' म्हणणारे दोन भाऊ आले. त्यांच्या बायका आल्या, एकीच्या हातात भाकरी, एकीच्या हातात धुरावलेलं मटण. सुरई न घेणारा सगळ्यात शेवटी आला, स्वतःची पहार घेऊन. आणि वळणावर धूळ उडवत जीप आली. रादोश. सदतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, देखणा.

"ताई, मला बोलावलं नाहीस," तो म्हणाला.

"तू शहरात होतास."

"आलो ना." त्यानं बाबांच्या हाताचं चुंबन घेतलं. "काका, मी कामाला आलोय. कागदाचं नंतर बोलू."

बाबा म्हणाले, "हं."

तिजोरी आडवी करून घसरगाडीवर बांधली. घोड्यानं मान खाली घातली, पुरुषांनी दोर ओढले, बायका मागून पहारी लावत गेल्या. गावरो पुढे उलटा चालत, जुन्या गाण्यांच्या ठेक्यावर जुळवत गेला:

"काळ्या डोंगरा, वाकव रे पाठ!"

"हैसा!"

"लोखंडी नवरी चढते वाट!"

"हैसा!"

"नवरीचा मामा दमला कसा?"

"हैसा!"

"मिलोन्याचा लांडगा चुकला जसा!"

हसण्यानं दोर सैल पडले. "गावरो, घोडा मागे येतोय, मेल्या!" विदोसावा किंचाळली.

लांडग्याची ती गोष्ट दरीत सगळ्यांना पाठ होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वी बाबा एकटेच खिंड ओलांडून गेले आणि त्यांनी बंदुकीचा एक बार काढला. खिंडीपलीकडं गावरो मेंढ्या चारत होता, त्यानं तो ऐकला. धावत गेला तर बाबा एकटेच खडकावर बसलेले. म्हणाले, लांडगा होता. ना रक्ताचा थेंब, ना केसाचा पुंजका. धावत्या सशाचा कान टिपणारा माणूस, आणि त्याला एवढा लांडगा चुकला! लग्नात, बारशात, मयताच्या जेवणात, प्रत्येक वेळी गावरो हे काढायचा. आणि बाबा कधी उत्तर द्यायचे नाहीत. बाकी कुठल्या टोमण्याला सोडायचे नाहीत, या एकालाच सोडायचे.

अकरा वाजता तिजोरी अंगणात पोचली. दारापाशी आली. आणि तिथं सगळ्यांचे पाय थांबले.

स्टानानं सगळं मोजलं होतं. दाराची रुंदी, दाराची उंची, कोपरा, कोपऱ्यातला खडक, कारण ते घर डोंगराला पाठ टेकून बांधलेलं होतं आणि त्या कोपऱ्यात जमीन म्हणजे डोंगरच होता. फक्त एक मोजलं नव्हतं. उंबरा. हातभर रुंद, वीतभर उंच, मधोमध झिजलेला करडा दगड. त्या मुलखात उंबऱ्यावर कुणी पाय देत नाही. घरातली जुनी माणसं त्याखाली निजलेली असतात असं मानतात. जन्मल्यापासून पाय त्याला ओलांडतो, म्हणून नजरही ओलांडते. मोजपट्टी हातात असतानाही स्टानाची नजर त्याला ओलांडून गेली होती.

"लाटू वरून," रादोश म्हणाला. "खाली चार पाइप घालू. एका मिनिटाचं काम."

कुणी हललं नाही.

"उंबऱ्यावरून?" पाठ दुखणारा म्हणाला.

"दगडच आहे."

"तुझ्या आजोबाच्या छातीवरून दोनशे तीस किलो लाटणार?" गावरोच्या आवाजातला विनोद गेला होता. "मी नाही हात लावत, बाबा."

"मग उचलू."

उचलून पाहिलं. दोनदा. दार बुटकं, आत शिरणाऱ्यानं मान वाकवावी असं मुद्दाम बांधलेलं. तिथं एका वेळी दोनच माणसं मावत, आणि दोन माणसांना ती उचलेना. दुसऱ्यांदा दोर निसटला आणि तिजोरी अंगणातच धप्पकन बसली. एकाचं बोट चिरडता चिरडता वाचलं. सगळे मागे सरले. रादोशनं कपाळ पुसलं आणि तो हळूच म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या गॅरेजला उंबरा नाहीये."

स्टानानं तिजोरीच्या थंड पाठीवर हात ठेवला. हंड्यातला काचामाक करपत असणार, एवढंच तिला सुचलं.

"बीचच्या लाकडाच्या तुळया."

सगळे वळले. बाबा बाकावरून उठून वर आले होते, काठी टेकत, धापा टाकत. डोळे कुणाकडेच नव्हते. ते फक्त दार, दगड आणि लोखंड बघत होते.

"गोठ्यामागच्या दोन. सारख्या लांबीच्या. बघताय काय? मी बाविसाव्या वर्षी गिरणीचं जातं असंच आत घातलंय. बाहेर चपटे दगड रचा, आत रचा. उंबऱ्याच्या वर चार बोटं उंच. कमी नाही, जास्त नाही. चार बोटं. स्टानो, मेंढीची चरबी आण."

तुळया आल्या. बाबांनी काठी फेकली, गुडघ्यावर बसले आणि उंबरा व तुळई यांच्यामध्ये स्वतःची चार बोटं आडवी घालून बघितली. दोन्ही बाजूंना. मोतीबिंदूच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, बोटांवर होता. मग स्टानानं तुळयांना चरबी माखली, पुरुषांनी तिजोरी उताणी निजवून तुळयांच्या टोकावर चढवली, आणि बाबांनी हात वर केला.

"गावरो, आता गा. पण लांडगा नको."

"ऊठ गं नवरी, उचल पाऊल!"

"हैसा!"

"दगडाला नको लागू चाहूल!"

"हैसा!"

आणि ती निघाली. इतका वेळ अडलेलं ते ओझं तुपातून बोट जावं तसं सरकत गेलं, उंबऱ्याच्या चार बोटं वरून, जुन्या माणसांची झोप न मोडता. आत पहारी लागल्या, हैसा झालं, ती उभी राहिली, डोंगराच्या खडकावर टेकली. स्टानानं पेरानं टकटक केलं. 'हं,' तिजोरी म्हणाली.

बायकांनी टाळ्या पिटल्या. विदोसावानं राकियाचा पहिला घोट तिजोरीवर शिंपडला. सुरई न घेणारा बाप्या स्टानाच्या समोर आला, सुरईकडे हात केला आणि म्हणाला, "त्या दिवशीचा राहिला होता." तिनं दिली. तो प्याला. त्या घोटानं स्टानाच्या छातीत जे ताठ उभं राहिलं, ते पुढे कधी वाकलं नाही.

*

काचामाक तळाला लागला होता, पण चमचा उभा राहिला. अंगणात लांब फळ्या टाकून सगळे जेवले. ऊन कलायला लागलं तेव्हा बाबा उठले आणि आत गेले. उघड्या दारातून सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी भिंतीवरची बंदूक उतरवली. तिच्यामागं भिंतीवर तिच्याच आकाराची पांढरी सावली उरली. बाहीनं तिचा अक्रोडी दस्ता पुसला, नळी उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि तिला तिजोरीत उभी केली, आजारी माणसाला खाटेवर टेकवावं तशी. दार लावलं. किल्ली फिरवली. मग तसबिरीखालचा कागद घेऊन बाहेर आले.

"लेखणी."

रादोशनंच खिशातून काढून दिली. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं. फार वेळ लागला. कुणी चमचा वाजवला नाही. लिहून त्यांनी कागद फळीवर ठेवला, आणि रादोशनं तो वाचला.

त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता.

"काका, मी भांडत नाही," तो म्हणाला. "ताईनं केलंय ते सगळ्यांनी बघितलंय. पण तुम्हीच सांगा. ही बंदूक माझ्यासाठी सात वेळा बोलली. तुमच्याच हातात. ताईसाठी तिनं तोंडसुद्धा उघडलं नाही. दरीला माहीत आहे. मग ती कुणाची?"

स्टानानं मान खाली घातली. अंगणावरून वारा गेला, तोच, ओळखीचा.

बाबा हळूच खाली बसले. किल्ली अजून मुठीत होती.

"गावरो," ते म्हणाले, "त्या दिवशी खिंडीपलीकडं तू किती बार ऐकलेस?"

"एक," गावरो हसत म्हणाला. "आणि तोही चुकलेला."

"चुकलेला नव्हता."

गावरोचं हसू तोंडावरच राहिलं. बाबांनी स्टानाचा हात ओढून घेतला, तिच्या तळव्यावर किल्ली ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या बोटांनी एकेक करून मिटली.

"आमच्या घरात मुलीसाठी बंदूक वाजवत नाहीत. अंगणात वाजवायची हिंमत झाली नाही, म्हणून खिंड ओलांडून गेलो," ते म्हणाले. "लांडगा आलाच नव्हता, पोरी. त्या सकाळी तू आली होतीस."